खराड्यांची अट

"कोट राहू द्या आबा, ऊन फार आहे," मी म्हटलं.

आबा आरशासमोर उभे होते. त्यांनी कोटाचं शेवटचं बटण लावलं, फेट्याचा शेमला सारखा केला आणि आरशातूनच माझ्याकडे बघत म्हणाले, "फजितीला जायचं तरी माणसानं नीट जावं, हेमा."

सांगलीहून मी आदल्या दिवशी आले होते ती त्यांना अडवायलाच. रात्री जेवताना बोलून झालं, सकाळी चहा घेताना बोलून झालं. आबा ऐकत होते, पण त्यांचं ठरलेलं होतं. आई असती तर तिनं दाराला कडी घातली असती. मी फक्त त्यांच्या मागोमाग बाहेर पडले.

गडहिंग्लजमध्ये त्या काळी आमच्या, म्हणजे इंगवल्यांच्या, बसगाड्या म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे. मुंबईला जाणारा माणूस 'इंगवल्यांत जागा मिळाली का' असंच विचारायचा. आबांनी पहिली गाडी स्वतः चालवली होती. मग दुसरी घेतली, मग तिसरी, आणि मग ते गाद्यागिरद्यांवर बसून गाड्या सोडणारे आबासाहेब झाले. केरबा खराडे त्यांच्याकडचा ड्रायव्हर. आबांचा सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर. लहानपणी मला शाळेत सोडायचं कामही त्याच्याकडंच असायचं, मी त्याला केरबामामा म्हणायची. पुढं केरबामामानं नोकरी सोडली, एक जुनी गाडी घेतली आणि तोही मुंबईच्या मार्गावर उतरला. आमची गाडी सुटायच्या थोडी आधी त्याची सुटायची. लोक त्याच्याकडं जायला लागले, कारण तो स्वतः चालवायचा आणि त्याच्या गाडीत झोप लागते असं लोक म्हणायचे.

मग केरबामामाचा मुलगा रणजित मोठा झाला. त्यानं खराडे ट्रॅव्हल्स उभी केली. आमच्या प्रत्येक वेळेला त्यानं आपली गाडी लावली आणि भाडं आमच्याहून कमी ठेवलं. तिकिटं काढणारे आमचे एजंट एकेक करून त्याच्याकडं गेले. तोटा सोसून त्यानं दोन-तीन वर्षं हे चालवलं. आबांना वाटायचं, पोरगं दमेल. पोरगं दमलं नाही. शेवटी आमच्या निम्म्या गाड्या बसून गंजायला लागल्या आणि बँकेचा माणूस घरी यायला लागला, तेव्हा रणजितनं निरोप धाडला. गाड्या घेतो, स्टँडसमोरची जागा घेतो, भाव योग्य देतो, तुमचा एकही माणूस कामावरून काढत नाही. फक्त एक अट आहे. नव्या डेपोच्या उद्घाटनाला आबासाहेबांनी स्वतः यायचं, सगळ्यांसमोर किल्ल्या द्यायच्या आणि पहिली गाडी डेपोपासून चौकापर्यंत स्वतः चालवायची. आत प्रवासी म्हणून केरबा खराडे बसणार.

ही अट कशासाठी होती हे गावात सगळ्यांना कळलं. मलाही कळलं, कारण ती माझ्याच लग्नातली गोष्ट होती.

माझं लग्न गावातच झालं. केरबामामा तेव्हा नुकताच गाडीमालक झाला होता. आबांनी त्याला मानानं पत्रिका दिली. तो रेशमी फेटा बांधून, बायको-मुलाला घेऊन आला. पाठवणीची वेळ झाली, फुलांनी सजवलेली अँबॅसडर मांडवासमोर लागली, मी आणि आमचे हे आत बसलो, आणि कळलं की दौलत, म्हणजे आमचा घरचा ड्रायव्हर, आजारी पडलाय. तेव्हा आबांनी पायरीवरून हाक मारली, "केरबा, तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला? घे." आणि गाडीची किल्ली फेकली. ती त्याच्या पायाशी पडली. केरबामामानं वाकून उचलली. तो गाडीत बसल्यावर आबा खिडकीशी आले आणि खिशातली नोट काढून त्याच्यापुढं धरली. ड्रायव्हरला बक्षीस दिल्याशिवाय पाठवणी होते होय, असं काहीतरी ते म्हणाले. लोक हसले. केरबामामानं नोट कपाळाला लावली आणि गाडी सुरू केली.

मी आत रडत होते. मला फक्त एवढंच वाटलं, बरं झालं, ओळखीचं माणूस आहे पुढं.

अट कळल्यावर मी रणजितला भेटायला गेले होते. आबांना न सांगता. स्टँडजवळच्या त्याच्या ऑफिसात तो एकटाच होता. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला, 'ताई' म्हणाला. मी त्याला समजावलं की दौलत खरंच आजारी होता, पाठवणी खोळंबली होती, आबांनी घाईत जे सुचलं ते केलं. शिवाय आपल्या लेकीची गाडी त्यांनी भरवशाच्या माणसाच्या हातात दिली, तो एका परीनं मानच होता.

रणजितनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"असेल दौलत आजारी," तो म्हणाला. "पण किल्ली हातात देता आली असती की, ताई."

मी कप बशीत ठेवला.

"आम्ही पंगतीत बसलो होतो," तो म्हणाला. "आई ताटावरनं उठली. मलाही उठवलं. चालत घरी आलो. त्यानंतर माझा बाप कुणाच्या लग्नात जेवला नाही. वाड्या-वस्तीवरच्या जवळच्या माणसाच्या लग्नात नाही, सख्ख्या भाचीच्या लग्नात नाही. तांदूळ टाकायचा आणि माघारी यायचा."

मी म्हटलं, "आबांचं वय झालंय. हात थरथरतात त्यांचे."

"चौक लांब नाही," रणजित म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्यांना रस्ता सांगावा तसा तो बोलला.

तर त्या दिवशी आम्ही डेपोत पोचलो तेव्हा मांडव भरला होता. गावातले व्यापारी, स्टँडवरचे हमाल, आमचे जुने ड्रायव्हर, क्लीनर, सगळे होते. आमची माणसं मागं भिंतीला टेकून उभी होती आणि जमिनीकडं बघत होती. आबांनी कुणाकडं न बघता पुढं जाऊन किल्ल्यांचा जुडगा रणजितच्या हातात ठेवला. रणजितनं त्यातली एक काढून आबांना परत दिली. फेकली नाही, हातात दिली. मला तेव्हा वाटून गेलं की फेकली असती तर बरं झालं असतं.

गाडी आमचीच होती. आबांची सगळ्यात जुनी. तिला नवा रंग दिला होता आणि बाजूला मोठ्या अक्षरात खराडे लिहिलं होतं. केरबामामा आत बसला होता, ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्याच बाकावर, फेटा बांधून. तो आता म्हातारा झाला होता. मी चढले तेव्हा त्यानं मला ओळखलं, जरा सरकून जागा केली, पण मी पलीकडच्या बाकावर बसले. दारात एक क्लीनर उभा राहिला. रणजित आपल्या मोटारीतून पुढं चौकात गेला.

आबांनी कोट काढला नाही. ते सीटवर चढले, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेपोच्या फाटकातून रस्त्यावर यायला एक चढ होता. गाडी निम्म्या चढावर आली आणि बंद पडली. आबांनी परत सुरू केली, ती हिसका देऊन मागं सरकली आणि परत बंद पडली. मागं कुणीतरी हसलं. मग बरेचजण हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "धक्का मारायचा का मालक?"

केरबामामाही हसला. मी बघितलं ना. तोंडावर हात न ठेवता, मोकळा हसला. बाहेरचं हसणं वाढत गेलं तसा तोही हसत राहिला. मग एकाएकी त्याचं हसणं थांबलं. तो आबांच्या हाताकडं बघत होता. आबांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि दांड्यासकट थरथरत होता.

तो उठला, दांडीला धरत पुढं गेला आणि ड्रायव्हरशेजारच्या इंजिनच्या बॉनेटवर बसला. पूर्वी क्लीनर बसायचे तसा.

"क्लच पूर्ण दाबा आबासाहेब," तो हळू म्हणाला. "हिचा क्लच पहिल्यापासनं जड हाय. तुमीच बदलू दिला न्हाई."

आबांनी क्लच दाबला. पण किल्ली फिरवली नाही. पुढं काचेकडं बघत ते म्हणाले, "केरबा, त्या दिवशी दौलत आजारी नव्हता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मीच त्याला सांगितलं होतं, पाठवणीला पुढं येऊ नको म्हणून," आबा म्हणाले. "आठ दिवस आधी ठरवलं होतं मी. तुझी गाडी भरून जायची आणि माझी रिकामी. लोकांना दाखवायचं होतं, तू कोण आहेस ते."

केरबामामानं मान हलवली. "ठाऊक हाय मला."

"कसं?"

"मांडवामागं जेवत बसला होता की तो. मी किल्ली उचलायला वाकलो तवा कनातीखालनं दिसला. मला बघून त्यानं तोंड फिरवलं."

आबा त्याच्याकडं वळले. "मग चालवलीस कशाला? टाकायची होतीस किल्ली तिथंच."

"पोरगी गाडीत बसून होती," केरबामामा म्हणाला.

बाहेर लोक पत्र्यावर थापा मारत होते. केरबामामानं स्वतः हात लांब करून हँडब्रेक ओढून धरला, आबांना किल्ली फिरवायला सांगितली, मग हळू, मग सोडा, मग आता द्या, असं सांगत त्यानं गाडी चढावरून काढून दिली. चौकापर्यंत तो बॉनेटवरच बसून राहिला.

मी दोघांच्या पाठी बघत होते. माझ्या लग्नाचं मला जे जे आठवत होतं ते एकेक करून हातातून निसटत होतं. पाठवणीच्या वेळी आबा पायरीवर उभे होते, त्यांचे डोळे भरले होते, आणि मी इतकी वर्षं समजत होते की ते माझ्यासाठी भरले होते. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. मला फुलांच्या गाडीत बसवून त्यांनी केरबामामाला कोंडीत पकडलं होतं. मी गाडीत नसते तर तो किल्ली टाकून निघून गेला असता, हे त्यांना आधीच माहीत होतं.

चौकात रणजित हार घेऊन उभा होता. त्यानं वडिलांच्या गळ्यात हार घातला. मग खिडकीशी येऊन खिशातून नोट काढली आणि आबांच्या पुढं धरली. केरबामामा म्हणाला, "रणजित, पुरं आता." पण रणजितचा हात तसाच राहिला.

आबांनी नोट घेतली. दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. एवढ्या लोकांत त्यांचा आवाज इतका स्पष्ट कसा निघाला कुणास ठाऊक. ते म्हणाले, "आता बरोबर झालं."

कुणी टाळी वाजवली नाही. रणजित खिडकीखाली उभा होता, आणि पुढं काय करायचं हे त्याला सुचत नाही असं दिसत होतं.

घरी येईपर्यंत मी आबांशी बोलले नाही. घरी आल्यावर बोलले. माझं लग्न होतं ते, एवढंच म्हणाले, दोन-तीनदा म्हणाले. आबा फेटा सोडत होते. ते म्हणाले, "तुला आज कळावं असं नव्हतं मनात. पण त्याला सांगायचं होतं, आणि तू तिथं होतीस." मग म्हणाले, "तेव्हाही तू तिथं होतीस." पुढं काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीला निघण्याआधी मी खराड्यांच्या घरी गेले. माफी मागायला गेले होते, पण कुणाच्या वतीनं ते माझं मलाच कळत नव्हतं. नवं घर होतं, पुढं संगमरवरी कट्टा. केरबामामा त्यावर एकटाच बसला होता. त्यानं मला बसवलं, आतून चहा आणवला. मी माफीचं बोलायला लागले तेव्हा त्यानं हात वर केला.

"तुमी कशाला? तुमाला कुठं ठाऊक होतं."

मी म्हटलं, "रणजितला दौलतचं माहीत नाही. तुम्ही त्याला सांगितलं नाहीत."

"न्हाई सांगितलं. ते सांगितलं असतं तर त्यानं गाडी जाळली असती तुमची." त्यानं कप खाली ठेवला. "पण बाकीचं सांगत आलो. किल्लीचं. नोटेचं. जेवताना सांगायचो, गाडी धुताना सांगायचो. पोरगं ऐकत बसायचं, दात-ओठ खायचं. मला बरं वाटायचं बघा. माझ्या जागी कोणतरी चिडतंय, म्हणून बरं वाटायचं. एकदा जरी म्हटलं असतं की सोड बाबा, तर त्यानं सोडलं असतं. न्हाई म्हटलं."

आत कुठंतरी रणजितचा आवाज येत होता. तो कुणाशी तरी फोनवर गाड्यांच्या टायरबद्दल बोलत होता. केरबामामा आवाज खाली आणून म्हणाला, "काल जेवला न्हाई तो. रात्रभर कट्ट्यावर बसला होता. म्हणतो, आबासाहेबांनी नोट घ्यायला नको होती."

मी उठले. तो मला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाला हात ठेवून म्हणाला, "आबासाहेबांना माझा एक निरोप सांगा. म्हणावं, केरबाच्या मनात आता काही न्हाई. काल चढावर संपलं. आणि म्हणावं, एकदा चहाला या. मी गेलो तर गाव म्हणंल, मिरवायला गेला, म्हणून त्यांनीच यावं."

मी सांगते म्हणाले.

घरी आबा ओसरीवर बसले होते. सकाळपासून तिथंच बसले असावेत, शेजारी पेपर तसाच घडी घातलेला होता. मी कुठं गेले होते हे त्यांनी विचारलं नाही. ते त्यांना कळलं होतं. मी पिशवी उचलायला आत गेले, बाहेर आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणाला?"

ते माझ्याकडं बघत होते. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. शाळेत पेपरचे मार्क कळायच्या आधी मुलं बघतात तसे बघत होते. सगळ्या गावाला ज्यांच्या एका शब्दाची वाट बघावी लागायची ते आबासाहेब माझ्या एका शब्दाची वाट बघत होते. आणि मला पायरीवर उभे असलेले आबा दिसले, भरल्या डोळ्यांचे.

"चहा दिला," मी म्हणाले. "दुसरं काही बोलले नाहीत."

आबांनी मान हलवली. "बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले.

ते मला स्टँडवर सोडायला येतो म्हणाले, मी नको म्हणाले. पुढच्या वेळी येईन तेव्हा सांगू, असं गाडीत बसल्यावर मनात आलं. दिवाळीला मी गेले नाही. आमच्या ह्यांनी दोनदा आठवण केली, मी काहीतरी कारण काढलं. आबांचे फोन यायचे. ते माझी, नातवाची चौकशी करायचे आणि शेवटी जरा थांबायचे. मी फोन ठेवून द्यायची.

थंडीत एका पहाटे आबा झोपेतच गेले.

गावातली सगळी माणसं आली. केरबामामाही आला, रणजितचा हात धरून. त्यानं आबांच्या पायावर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं. रणजितनंच त्याला उठवलं. बाहेर अंगणात बायकांच्या घोळक्यात मी उभी होते, तिथं तो आला. त्याला चालताना धाप लागत होती.

"चहाला आलेच न्हाईत," तो म्हणाला. "मी वाट बघितली. रोज कट्ट्यावर बसायचो. मग म्हटलं, मोठा माणूस हाय, अवघड वाटत असंल." त्यानं माझ्याकडं निरखून बघितलं. "निरोप पोचवला होता न्हवं, ताई?"

"हो," मी म्हणाले. "त्याच दिवशी."

"मग झालं तर," केरबामामा म्हणाला. त्यानं फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "सुखानं गेले म्हणायचे."